शिकागोची पाटी, जळगावचा करार

मार्चअखेरीची धावपळ चालू होती. आप्पा ऑफिसात शिरले आणि खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाले, "नावाचे किती पैसे घ्यायचे असतात हो?"

मला वाटलं, नातवाच्या बारशाचं काही विचारताहेत. तसं नव्हतं. त्यांच्या पाच मजली कॉम्प्लेक्सचे वरचे दोन मजले एका कोचिंग क्लासला पाच वर्षांसाठी हवे होते. अट एकच होती. इमारतीच्या दर्शनी भागावर क्लासचं नाव लागावं, आणि क्लासच्या पत्रकात, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत इमारतीचा उल्लेख त्याच नावाने व्हावा. भाडं बाजारभावापेक्षा जरा बरं देत होते. नावाचे वेगळे पैसे मात्र नाहीत, "ते भाड्यातच धरा" म्हणत होते.

मी जळगावात सीए आहे. मालमत्तेचे कागद रोज बघतो, पण नावाची किंमत काढायची वेळ पहिल्यांदाच आली. संध्याकाळी एका कॉलेजात वाणिज्यच्या मुलांना शिकवतो, तिथे शिकागोच्या सिअर्स टॉवरचं प्रकरण दोनदा घेतलं होतं. ते आप्पांना सांगायला बसलो आणि सांगता सांगता लक्षात आलं की इतकी वर्षं मी ते मुलांना थोडं चुकीच्या बाजूने शिकवत होतो. म्हणून हे सगळं लिहून काढतोय. आप्पांची परवानगी घेतली आहे. त्यांच्या भाड्याचे आकडे देत नाही.

आधी आप्पांची बिल्डिंग

या इमारतीला तीन नावं आहेत. जिन्यापाशी संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर आप्पांच्या आईचं नाव आणि पुढे 'स्मृती'. घरपट्टीच्या बिलावर हेच नाव. दुसरं नाव गाळेधारक वापरतात, "आप्पांचं कॉम्प्लेक्स". तिसरं अख्ख्या गावाचं, "बँकेची बिल्डिंग". तळमजल्यावर कधीकाळी एका बँकेची शाखा होती. ती शाखा हलून बारा वर्षं झाली. आज तिथे टाइल्सचं दुकान आहे. रिक्षावाल्याला टाइल्सचं दुकान सांगितलं तर तो म्हणतो, "म्हणजे बँकेच्या बिल्डिंगीत ना?"

आता चौथं नाव येऊ पाहत होतं.

सिअर्सची गोष्ट

सिअर्स, रोबक अँड कंपनी हे अमेरिकेतलं दुकानदारीतलं फार मोठं नाव. रिचर्ड सिअर्स हा रेल्वे स्टेशनावर काम करणारा माणूस १८८६ मध्ये घड्याळं विकू लागला, आणि पुढे धंदा वाढला तो टपालाने माल पाठवण्याचा. जाडजूड कॅटलॉग घरोघरी जायचा. शेतकऱ्याने त्यात बघून पत्र टाकायचं, माल रेल्वेने दारात. १९०८ पासून तर अख्खं घर सुट्या भागांत विकायचे. लाकूड, खिळे, दरवाजे सगळं वॅगनीत भरून येई, आणि नकाशा बघून माणूस घर उभं करी. हे आप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आणि एखादा दरवाजा कमी निघाला तर?" धंदेवाल्याचा प्रश्न आहे. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

१९६९ च्या सुमारास ही जगातली सर्वांत मोठी किरकोळ विक्रीची कंपनी होती. शिकागोत तिची ऑफिसं विखुरलेली, माणसं हजारो. सगळ्यांना एका छताखाली आणायचं ठरलं. आराखडा स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या फर्मचा. वास्तुरचना ब्रूस ग्रॅहम यांची, आणि इमारत उभी राहील कशी हे सोडवणारे इंजिनिअर फझलूर रहमान खान, जन्म ढाक्याचा.

खान यांची युक्ती समजायला खान्देशी माणसाला वेळ लागत नाही. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, एक काडी उभी धरा, वाऱ्याने वाकते. नऊ काड्यांची मोळी बांधून उभी करा, हलत नाही. त्यांनी ७५ फूट बाजूच्या नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना जोडून उभ्या केल्या. सगळ्या शेवटपर्यंत नेल्या नाहीत. दोन ५० व्या मजल्यावर थांबतात, आणखी दोन ६६ व्यावर, तीन ९० व्यावर, आणि उरलेल्या दोनच माथ्यापर्यंत जातात. काळी, पायऱ्या पायऱ्यांची ती आकृती यातून आली.

पण या पायऱ्यांमागे हिशेबही होता, आणि प्रकरणाचं बीज त्या हिशेबात आहे. खालचे मजले ऐसपैस, तिथे सिअर्सची स्वतःची माणसं बसणार. वरचे मजले आटोपशीर, ते भाड्याने द्यायचे. कंपनी वाढत गेली की भाडेकरू काढून वरचेही मजले आपणच वापरायचे. म्हणजे उद्याच्या वाढीचं घर आजच बांधून ठेवलं. आपल्याकडेही पोराच्या लग्नाआधीच वरच्या मजल्याचे कॉलम काढून ठेवतात, सळया वर्षानुवर्षं आकाशाकडे बघत उभ्या असतात. त्यातलाच प्रकार.

बांधकाम १९७० मध्ये सुरू झालं आणि ३ मे १९७३ रोजी माथा गाठला. उंची १,४५० फूट. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरला मागे टाकून ही जगातली सर्वांत उंच इमारत झाली, आणि १९९८ मध्ये क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवर येईपर्यंत तो मान तिच्याकडे राहिला. मजले किती, यावर मात्र एकमत नाही. मालक ११० सांगतात, तज्ज्ञ १०८ मोजतात.

वाढ मात्र आली नाही. दुसऱ्या स्वस्त दुकानांनी गिऱ्हाईक ओढलं, आणि सिअर्सला खालचेही मजले जड होऊ लागले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने आपली माणसं शहराबाहेर हॉफमन इस्टेट्स या उपनगरात हलवायला घेतली. १९९४ मध्ये टॉवर हातातून गेला. नावाचा हक्क मात्र २००३ पर्यंत सिअर्सकडेच होता.

इथे मी वर्गात नेहमी थांबतो. २००३ नंतर काय झालं? काहीच नाही. भाडेकरू गेलेला, मालक बदललेला, हक्क संपलेला, तरी पुढची सहा वर्षं पाटी तशीच. कोणाला वेगळं नाव सुचलं नाही असं थोडंच आहे. पण रिकाम्या जागी फुकटचं नाव बसून राहिलं तर कोणाचं काही बिघडत नव्हतं. आप्पांच्या इमारतीतल्या बँकेचं तेच.

२००९

मालक हा गुंतवणूकदारांचा एक गट होता, २००४ मध्ये त्यांनी टॉवर घेतला होता. २००८ चा आर्थिक भूकंप होऊन गेलेला. ऑफिसच्या जागा रिकाम्या पडत होत्या, आणि नवा भाडेकरू दारात येणं ही बातमी होती. अशा वेळी लंडनची विलिस ही विमा दलाली कंपनी आली. तिची शिकागो परिसरातली पाच ऑफिसं एकत्र करून जवळजवळ ५०० माणसं इथे बसवायची होती. १२ मार्च २००९ रोजी जाहीर झालं की विलिस १,४०,००० चौरस फूट जागा भाड्याने घेणार, दर वर्षाला चौरस फुटाला साडेचौदा डॉलर, आणि टॉवरला विलिसचं नाव लागणार. नावाचे वेगळे पैसे शून्य.

हिशेब फळ्यावर मांडतो तेव्हा मुलं हसतात. १,४०,००० गुणिले १४.५० म्हणजे वर्षाला वीस लाख तीस हजार डॉलर. इमारत एकूण सुमारे ४५ लाख चौरस फुटांची. म्हणजे शंभरातल्या तीन भागांच्या भाडेकरूने शंभर भागांवर नाव टाकलं. "सर, मालक येडे होते का?" असं यावलच्या एका मुलाने विचारलं होतं, आणि मी तेव्हा वर्गाला हो म्हणू दिलं. ती माझी चूक.

१६ जुलै २००९ रोजी महापौर रिचर्ड डेली यांच्या उपस्थितीत नाव बदललं, आणि शहर भडकलं. दोन-तीन वर्षांपूर्वीच तिथलं 'मार्शल फील्ड्स' हे जुनं दुकान 'मेसीज' झालं होतं, ती जखम ओली होती. त्यात हे. लोक म्हणाले, आम्ही सिअर्सच म्हणणार. आणि म्हणत राहिले. विलिसचे प्रमुख जो प्लुमेरी यांनी 'बिग विली' हे लाडाचं नाव सुचवून पाहिलं, तेही फारसं कोणी उचललं नाही.

मुलांना मी शिकवायचो की नाव पैशाने विकत मिळत नाही, लोकांच्या तोंडात बसावं लागतं. वाक्य छान आहे, टाळ्या घेतं. पण आप्पांसमोर बसून दोन्ही बाजूंची वही मांडली तेव्हा ते अपुरं वाटलं. विलिसला लोकांच्या तोंडात बसायचं होतं का? ही कंपनी साबण विकत नाही. तिचं गिऱ्हाईक म्हणजे मोठमोठ्या कंपन्यांचे विमा बघणारे अधिकारी. आठवडाभर अमेरिकेभरच्या वर्तमानपत्रांत 'ही विलिस कोण' असं छापून आलं, तेवढ्याने त्यांचं काम झालं. राग हीच जाहिरात होती, आणि तीही फुकट. मालकांनाही ज्या वर्षी कोणी जागा घेत नव्हतं त्या वर्षी पाचशे माणसं आणि पंधरा वर्षांच्या मुदतीचा करार मिळाला. सहा वर्षं कोणीच ज्याचे पैसे देत नव्हतं, ते नाव देऊन.

मालक चुकले असतील तर ते वेगळ्या ठिकाणी. ऑगस्ट २००९ मध्ये, म्हणजे नाव बदलून महिना होतो न होतो, युनायटेड एअरलाइन्सने टॉवरमध्ये १२ मजले घ्यायचं ठरवलं. पुढे ती इमारतीतली सर्वांत मोठी भाडेकरू झाली. मालकाच्या हातात तिला द्यायला नाव नव्हतं, ते आधीच लहान भाडेकरूला बिनपैशाने गेलेलं. पहिल्या गिऱ्हाइकाला बोहनीत सगळ्यात चांगला नग देऊन टाकला की असं होतं.

त्यानंतरचं तर गमतीचंच आहे. २०१५ मध्ये ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने टॉवर १.३ अब्ज डॉलरला घेतला. २०१६ मध्ये विलिस दुसऱ्या कंपनीत मिसळून 'विलिस टॉवर्स वॉटसन' झाली, आणि २०२२ पासून ती 'डब्ल्यूटीडब्ल्यू' एवढीच उरली. म्हणजे टॉवरवर ज्या विलिसचं नाव, त्या नुसत्या नावाची कंपनी आता नाही. सिअर्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. एक नाव तोंडात, एक पाटीवर, आणि दोन्ही नावांचे धनी जाग्यावर नाहीत. ब्लॅकस्टोनने खालच्या मजल्यांवर दुकानं-खाणावळींचा नवा भाग काढला, त्याला नाव दिलं 'कॅटलॉग'. सिअर्सच्या जुन्या वहीची आठवण. नाव काढून टाकलं ते लोकांनी धरून ठेवलं, म्हणून मग दुसऱ्या दाराने आत घेतलं.

आणि फझलूर खान? ज्यांनी ती मोळी बांधली, त्यांचं नाव टॉवरच्या पायथ्याशी रस्त्याच्या कोपऱ्याला आहे.

आप्पा म्हणाले, आपल्याकडे काय?

आपल्याकडे सतरा मजली आहे की. महापालिकेची इमारत. तिचं कागदावरचं नाव सरदार वल्लभभाई पटेल टॉवर. जळगावात जन्म काढलेल्या माणसाला हे नाव घेऊन पत्ता विचारा, तो क्षणभर गोंधळेल. 'सतरा मजली' म्हणा, लगेच बोट दाखवेल. सरदारांचा अनादर कोणाच्या मनात नाही. इमारत उभी राहिली तेव्हा लोकांच्या डोळ्यांत जे भरलं ते मजले, आणि तेच नाव झालं. मजले मोजून पडलेल्या नावाचा करार होत नाही, मुदत संपत नाही, मालक बदलला तरी फरक पडत नाही.

विद्यापीठाचं उलट उदाहरण आहे. १९९० मध्ये ते 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' म्हणून सुरू झालं, २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव त्यात आलं. हा बदल खान्देशाने मनापासून मागितला होता, तरी जुनी माणसं अजून 'नॉर्थ महाराष्ट्र' म्हणून जातात. राग नाही, विरोध नाही, नुसती जिभेची सवय. शिकागोतल्या रागाचंही अर्धंअधिक हेच असावं असा मला संशय आहे.

आणि सगळ्यांत जुनं प्रकरण तर आपल्या मुलखाचंच. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, शाहजादा दानियालला इथला कारभार दिला आणि खानदेशचं नाव केलं 'दानदेश'. त्या काळी याहून मोठा मालक कोण होता? दानियाल १६०५ मध्ये बुऱ्हाणपुरात वारला आणि नावही मागे पडलं. आज आपण खान्देशच म्हणतो.

आप्पांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मी पाटी लावू दिली तरी गाव बँकेची बिल्डिंगच म्हणणार."

"बहुतेक."

"मग त्या क्लासवाल्या पोराला कशाचे पैसे पडून राह्यले?"

प्रश्न बरोबर होता. क्लासवाल्याला गावाचं तोंड नकोच आहे. त्याला हवा आहे पत्रकावरचा पत्ता आणि महामार्गावरून जाणाऱ्या चोपड्याच्या, पारोळ्याच्या पालकाच्या नजरेत भरणारी पाटी. विलिसने घेतलं तेच.

पुण्याहून आप्पांच्या मुलाचा फोन आला, त्याचं मत ठाम. नावाचे वेगळे पैसे घ्या. मी हिशेब करून दाखवला. वेगळे घेतले काय, भाड्यात धरले काय, अठरा टक्के जीएसटी दोन्हीकडे लागतो. पण वेगळे दाखवले तर नावाला स्वतःची मुदत आणि स्वतःची किंमत मिळते, आणि उद्या क्लासने एक मजला सोडला तर नाव आपोआप त्याच्याकडे राहत नाही. या मुद्द्यावर मी मुलाच्या बाजूने गेलो.

मसुद्यात काय घातलं

शिकागोच्या मालकांना जे महागात पडलं असं मला वाटतं, त्यावरून कलमं बेतली. पहिलं, नावाचा हक्क क्लासने घेतलेली जागा त्याच्याकडे असेपर्यंतच. जागा सोडली की पाटी उतरली, सिअर्ससारखी वर्षानुवर्षं मागे लटकणार नाही. दुसरं, क्लास विकला गेला, दुसऱ्या क्लासमध्ये मिसळला किंवा त्याने नाव बदललं, तर नवं नाव लावायला मालकाची लेखी संमती. कोटापासून लातूरपर्यंत क्लासवाल्यांच्या धंद्यात हे रोज चालतं, तेव्हा ही भीती पुस्तकी नाही. तिसरं, निम्म्याहून जास्त जागा घेणारा भाडेकरू पुढे आला तर दर्शनी पाटीबद्दल पुन्हा बोलणी, क्लासला भाड्यात सूट देऊन. हे युनायटेडचं कलम. क्लासवाल्याला ते आवडलेलं नाही.

चौथ्यात पाटीचे तपशील. मराठी देवनागरीत, इतर लिपीपेक्षा अक्षर लहान नाही, कारण दुकानांच्या पाट्यांचा कायदाच तसा आहे. महापालिकेची परवानगी आणि शुल्क क्लासचं.

पाचवं कलम आप्पांनी सांगितलं, मी नाही. घरपट्टी, वीजबिल, खरेदीखत, कुठल्याही सरकारी कागदावर नाव बदलणार नाही. आणि जिन्यापाशीची संगमरवरी पाटी जागेवर राहील, तिच्यासमोर क्लासचा बोर्ड, टेबल, चपलांचं रॅक काही येणार नाही.

मी म्हणालो, "आप्पा, ते नाव तर तुमच्याशिवाय कोणी वाचत नाही."

"मी वाचतो ना," ते म्हणाले. "रोज जिना चढताना."

मी कलम जसंच्या तसं टाइप करून घेतलं. चपलांच्या रॅकसकट.

करार लिव्ह अँड लायसन्सचा, नोंदणी करावीच लागेल. तिसरं कलम आणि पाटी उतरवण्याचा खर्च कोणाचा, या दोन गोष्टींवर गाडी अडली आहे. क्लासवाला म्हणतो खर्च मालकाचा, मी म्हणतो अनामतीतून कापायचा. जूनमध्ये बॅच सुरू व्हायच्या आत त्याला पाटी लावायची आहे, म्हणजे घाई त्याला आहे, आप्पांना नाही. काल फोनवर आप्पा म्हणाले, लेकी माहेरी येताहेत, घरात झोके बांधायचेत, आता आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर बसू.

पाटी रंगवणारा मात्र माप घेऊन गेला आहे. कोणत्या बिल्डिंगचं माप, असं मी त्याला विचारलं. त्याने वहीत बघितलं आणि म्हणाला, "बँकेची."